पुसलेला निरोप

१

“तुमच्या यंत्रानं माणूस गिळलाय,” बाई फोनवर म्हणाल्या. “या आणि बाहेर काढा.”

सकाळचे नऊ वाजले होते. एका खांद्यावर रिसीव्हर, दुसऱ्यावर दहा महिन्यांची लेक, आणि तिच्या मुठीत माझे केस.

“यंत्र माणूस नाही हो गिळत,” मी म्हटलं. “फार तर एखादा निरोप.”

“निरोपच गेलाय. पण त्या निरोपात माणूस होता.”

लेकीला शेजारच्या मावशींकडे दिलं. ती रडली नाही, नुसती दाराकडे बघत राहिली. रडली असती तर बरं वाटलं असतं. हत्यारांची पिशवी उचलली आणि निघाले. माझं काम लहान धंद्यांमध्ये फोन बसवायचं. दिवसभर मी फोनशी बोलते, “एक, दोन, तीन, ऐकू येतंय का,” आणि पलीकडून माझाच आवाज परत येतो. नवरा लांबच्या कामावर, महिना महिना बाहेर. कधी कधी वाटतं, दिवसभरात मला उत्तर देणारं माणूस म्हणजे लेक, आणि तिला अजून बोलता येत नाही.

बाईंचं दुकान कानाच्या यंत्रांचं. ज्यांना कमी ऐकू येतं ते येतात, तपासणी होते, कानाचं माप घेतात, त्या मापाचा साचा बनतो आणि साच्यात यंत्र बसतं. चार खोल्या, चार फोन. एक नंबर काउंटरवर. तिथे बसणाऱ्या पोरीला सगळे लवंगी म्हणतात. अंगानं एवढीशी, तोंडानं फटाका. दोन नंबर बाईंच्या टेबलावर. तीन नंबर मागच्या खोलीत, जिथे साचेकाका साचे घडवतात. चार नंबर तपासनिसाच्या बंद काचेच्या खोलीत.

पंधरा दिवसांपूर्वी मीच तिथे निरोपाची सोय केली होती. पाच घंट्या वाजूनही कोणी फोन उचलला नाही, तर फोन करणाऱ्याला आपला निरोप बोलून ठेवता यायचा. प्रत्येकाची वेगळी पेटी, प्रत्येकाचा चार आकडी कोड. दुपारी एक ते दोन दुकान बंद, तेव्हा यंत्रच फोन घेणार आणि विचारणार, “कोण हवंय? साचेकाकांसाठी तीन दाबा.” निरोप आला की त्या फोनवर लाल दिवा लुकलुकणार. सूचनांचा कागद माझ्या अक्षरात चारही फोनांशेजारी चिकटवला होता: ऐकण्यासाठी एक, जपण्यासाठी चार, पुसण्यासाठी सात.

काकांच्या खोलीत काम करायला त्या वेळी जास्त वेळ लागला होता. दारावर त्यांच्या हातची पाटी होती: “पुसल्याशिवाय आत येऊ नये.” खाली काथ्याचं पायपुसणं. मी चपला नीट घासून आत गेले, तर काका भिंग लावून साच्याकडे बघत करवादले, “सगळे सरळ आत घुसतात. पुसत कोणी नाही.” मी मुकाट्याने बाहेर जाऊन पुन्हा एकदा चपला घासून आले. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जशी मी दारात नाचतेय.

“घंटी मोठ्यात मोठी कर,” त्यांनी सांगितलं. “माझं घासायचं मशीन चालू असतं. आणि तो लाल दिवा माझ्या खुर्चीकडे तोंड करून लाव.”

मग त्यांच्या पेटीसाठी त्यांच्याच आवाजात दोन वाक्यं भरायला बसलो. ‘टूं’ वाजल्यावर बोलायचं, एवढंच. पण काका दरवेळी आधीच सुरू करायचे. तीनदा केलं. “माझा आवाज कोणाला ऐकायचाय,” म्हणत ते उठून गेले, आणि शेवटी मीच माझ्या आवाजात भरलं: “साचेकाका आत्ता जागेवर नाहीत. कृपया निरोप ठेवा.”

मी पोचले तेव्हा बाई शटरपाशीच उभ्या होत्या. पन्नाशीच्या, ताठ, चष्मा केसांवर चढवलेला.

“मंगळवारी चार वाजता मी फोन उचलला. बाईचा आवाज. म्हणाली, बाबांशी बोलायचंय. कोणाच्या बाबांशी म्हणून विचारलं, तर साचेकाकांची मुलगी! नऊ वर्षं, अहो, नऊ वर्षं बोलणं नाही बापलेकीचं. मी धडपडत तीन नंबरला जोडला. त्यांनी उचलला नाही. मग माझ्या फोनवर दिसत राहिलं, तीनच्या पेटीत कोणीतरी बोलतंय, बोलतंय. मी मुद्दाम मध्ये पडले नाही. म्हटलं, त्यांचं त्यांना ऐकू दे. मग मी बँकेत गेले.”

“आणि?”

“बुधवारी सकाळी विचारलं, काका, काय म्हणाली लेक? तर ते म्हणतात, कोण लेक? दिवा बंद. पेटी रिकामी. आज शुक्रवार. दोन दिवस त्या माणसाच्या घशाखाली घास उतरलेला नाही. तिचा नंबर नाही, पत्ता नाही. जे होतं ते त्या निरोपात होतं.”

मी मुख्य यंत्राला माझा संगणक जोडला. कोणती पेटी कधी उघडली, कुठल्या फोनवरून, याची टाचणं यंत्र ठेवत असतं. ती बसवणाऱ्यालाच दिसतात.

मंगळवार. पेटी तीन. निरोप एक, लांबी एक मिनिट बावन्न सेकंद. संध्याकाळी पाच पस्तीसला उघडली. कोड पहिल्याच फटक्यात बरोबर. चार सेकंद ऐकला. मग सात दाबलं.

यंत्राने काही गिळलं नव्हतं. निरोप माणसाने पुसला होता, आणि काकांच्या फोनवरून नाही. काउंटरवरच्या एक नंबरवरून.

२

“माझ्याकडे कशाला बघता?” तपासनीस म्हणाला. पस्तिशीचा, इस्त्रीचा माणूस, बोलताना शब्द मोजून टाकणारा. “मंगळवारी साडेपाचला मी काउंटरवरून घरी फोन केला, हे खरं आहे. माझ्या खोलीतून बाहेरचा फोन लागत नाही, तुम्हीच तसं करून ठेवलंय.”

टाचणात तेही होतं. एक नंबरवरून बाहेरचा फोन, पाच एकतीसला. म्हणजे निरोप पुसला जाण्याआधी चार मिनिटं तो तिथेच उभा होता.

“काकांशी तुमचं पटत नाही म्हणे.”

“कोण म्हणे? लवंगी? तिचं कोणाशी पटतं?” तो खुर्चीत रेलला. “सरळ सांगतो. मला त्यांच्या खोलीत दुसरी तपासणीची जागा हवीय. बाईंना वर्षभर सांगतोय. पण म्हणून मी कोणाच्या मुलीचा निरोप पुसेन? मला दोन मुली आहेत हो.”

“काकांशी बोललात कधी खोलीबद्दल?”

“ते ऐकतात कुठे? पाठमोरे असले की हाक मारा, मेलो तरी वळायचे नाहीत. आखडू माणूस. समोर जाऊन उभं राहिलं तर तोंडाकडे टक लावून बघणार, जशी माझी परीक्षाच घेतायत.” तो हसला. “वीस वर्षं साचे करतायत, हातात जादू आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण कुणाचं ऐकायचं म्हणून नाही.”

“त्यांचा कोड माहितीय तुम्हाला?”

“मला माझा लक्षात राहत नाही. कागदावर लिहून फोनखाली चिकटवलाय.” त्याने फोन उलटा करून दाखवला. होता चिकटवलेला.

लवंगी काउंटरवर कानाच्या यंत्रांचे सेल मोजून पुड्यांत भरत होती. डोळे वर न करता म्हणाली, “आलात? गुन्हेगार सापडला की सांगा, फुलं आणते.”

“काकांच्या पेटीला तू हात लावलास का?”

“परवानगीशिवाय मी कोणाच्या पेन्सिलीलाही हात लावत नाही.”

“चहा झाला का काकांचा? मी घेऊन जाते हवं तर.”

“त्यांना हात आहेत. स्वतः घेतील.” पुडी तिने अशी बंद केली, जसा कोणाचा कान पिरगाळतेय.

बाई हळूच म्हणाल्या, “परवापर्यंत हीच त्यांना आल्याचा चहा करून द्यायची. काका, काका, दिवसभर. बुधवारपासून तोंड फिरवलंय. मला तर हिचाच संशय येतो. पण का? त्या मुलीला हिने बघितलंसुद्धा नाही.”

मलाही तेच कळेना. राग दिसत होता, पण पकडल्या गेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असा राग नसतो. हा राग न्यायाधीशाचा होता.

३

काकांच्या खोलीला एकच खिडकी. भिंतीभर काड्यापेटीएवढ्या डब्या, प्रत्येकीत कोणाच्या तरी कानाचे साचे, प्रत्येकीवर नंबर. माणसाच्या चेहऱ्यापेक्षा त्याचा कान ओळखणारा हा माणूस. आणि दिवसभर सोबतीला हे शेकडो कान, त्यांतला एकही ऐकणारा नाही.

मी चपला घासून दारातून म्हटलं, “काका, येऊ का?”

ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. मशीन बंद होतं. ते वळले नाहीत. मी आत जाऊन समोर उभी राहिले, तेव्हा दचकले.

“ये, ये, फोनवाली. काय म्हणतंय तुझं यंत्र?”

“तुमचा कोड कोणाकोणाला माहितीय?”

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. “कोणाला नाही.”

“आठवून बघा.”

“सांगितलं ना, नाही.” साठी उलटलेला माणूस, पण खोटं बोलताना कान लाल झाले. “सोड ते. गेला तो गेला. कदाचित बरंच झालं.”

“बरं कसं? तुमच्या लेकीचा निरोप होता.”

“म्हणूनच.” त्यांनी हातातला साचा उजेडात धरला. “तिची आई गेली, तेव्हा आठवड्यात मी घर रिकामं केलं. साड्या, डबे, शिवणाचं मशीन, सगळं देऊन टाकलं. बघवत नव्हतं. पोरगी परगावाहून आली तर भिंती तेवढ्या उरलेल्या. एकच वाक्य बोलली आणि गेली. नऊ वर्षांनी फोन करून ती काय गोड बोलणार आहे?”

“काय वाक्य?”

ते ऐकलंच नाही असं त्यांनी केलं. का खरंच ऐकलं नाही? त्यांनी मान खाली घातली होती.

निघताना माझी नजर टेबलाच्या उघड्या खणात गेली. एक डबी, आत दोन साचे, घासून चकचकीत केलेले. भिंतीवरच्या सगळ्या डब्यांवर नंबर होते. हिच्यावर नव्हता.

“हे कोणाचे?”

काकांनी खण बंद केला. “कोणाचे नाहीत.”

४

मी पुन्हा यंत्रापाशी जाऊन बसले. मंगळवार सोडून आधीच्या दिवसांची टाचणं काढली, आणि माझा हात थांबला.

पेटी तीन. सोमवारी पाच पस्तीसला उघडली, एक नंबरवरून. निरोप नाही. शनिवारी पाच छत्तीस. निरोप नाही. शुक्रवारी पाच चौतीस. निरोप नाही. गुरुवारी, तेच.

डूख धरून कोणाचं वाईट करायचं तर माणूस संधी साधून एकदा करतो. रोज ठरल्या वेळी करतो ते नेमून दिलेलं काम. साडेपाचनंतर या दुकानात ठरल्या वेळची कामं कोण करत होतं? पंखे बंद करणं, सेलचं कपाट लावणं, शटर ओढणं?

मी काउंटरच्या आत जाऊन लवंगीशेजारी स्टूल ओढलं.

“तू खोटं बोलली नाहीस,” मी म्हटलं. “परवानगीशिवाय हात लावला नाहीस, एवढंच म्हणालीस. परवानगी कोणी दिली?”

तिच्या हातातली पुडी तशीच राहिली. मग तिने गल्ल्याच्या खणाखालून एक चिठ्ठी काढून माझ्यासमोर आपटली.

“घ्या. बाईंना दाखवायची नाही, वचन दिलंय मी. पण माझ्या डोक्यात नुसता जाळ झालाय.”

काकांचं अक्षर, पाटीवरच्यासारखंच ठसठशीत.

“तीन नंबरच्या पेटीत निरोप आला तर माझ्यासाठी पुसून ठेवत जा. कोड खाली आहे. बाईंना कळू देऊ नकोस.”

“मी म्हटलं, असतील गिऱ्हाइकांच्या तक्रारी, म्हाताऱ्याला नको असतील,” लवंगी म्हणाली. “रोज बघायचे, काही नसायचं. मंगळवारी होता. एक दाबला, तर पोरीचा आवाज! बाबा म्हणाली. पण चिठ्ठीत स्वच्छ लिहिलंय, आणि तुमच्या कागदावर पण, पुसण्यासाठी सात. मी सात दाबला. दुसऱ्या दिवशी म्हातारा मला विचारतो, पुसलंस का? मी म्हटलं, पुसलं. आणि वर बाईंसमोर कसा चेहरा पाडून बसतो! पोटची पोर नऊ वर्षांनी हाक मारते आणि हा म्हणतो पुसून टाक. माझा बाप असाच गेला सोडून, फोनताई. मी वाट बघितली असती ना, एका फोनची.”

तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता.

“चार सेकंदांत ती काय म्हणाली? शब्द न् शब्द सांग.”

“म्हणाली, बाबा, मी आहे. तुम्हाला एक पुसायचं होतं.” लवंगीने नाक ओढलं. “म्हणून तर मी दाबलं बिनधास्त. म्हटलं, यांचं आपसात ठरलेलंच दिसतंय. यालाही पुसायचंय, तिलाही पुसायचंय.”

मी चिठ्ठीकडे बघत राहिले. फोनवर मुलीला वडिलांचं काय पुसायचं असेल?

मग मी उठले आणि काकांच्या दारापाशी गेले. पायपुसण्यावर चपला घासायला लागले, आणि एक पाय हवेत तसाच राहिला.

५

“हे पायपुसणं कोणी ठेवलं इथे?” मी ओरडूनच विचारलं.

बाई धावत आल्या. “मी. काकांनी पाटी लावली ना, पुसल्याशिवाय आत येऊ नये. साच्यांना धूळ चालत नसेल म्हटलं. का?”

“काकांना धुळीचं काही नव्हतं, बाई. त्यांना एवढंच हवं होतं की आत येण्याआधी कोणीतरी विचारावं.”

बाईंनी पाटी वाचली. पुन्हा वाचली. “अगं बाई,” त्या म्हणाल्या आणि चष्मा डोळ्यांवर ओढला.

आपल्याकडे ‘पुसणं’ म्हणजे फडक्यानं पुसणं, आणि ‘पुसणं’ म्हणजे विचारणंही. आपण सगळे म्हणतो की मला कुणी पुसत नाही, विचारपूस म्हणतो, आणि एरवी तो अर्थ विसरून जातो. काका ज्या घरात वाढले तिथे विसरले नव्हते. त्यांनी लवंगीला लिहिलं होतं: निरोप आला तर माझ्यासाठी विचारून ठेव. माझ्या कागदावर त्यांना तोच शब्द दिसला असेल, पुसण्यासाठी सात, आणि वाटलं असेल, ही सोय आपल्यासारख्यांसाठीच. शब्द माझा होता. अक्षरही माझंच.

“पण स्वतःचा निरोप दुसऱ्याला विचारायला का सांगायचा?” बाई म्हणाल्या.

“घंटी मोठ्यात मोठी, तरी फोन उचलत नाहीत. दिवा खुर्चीसमोर हवा. ‘टूं’ कधी वाजला ते त्यांना तिन्ही वेळा कळलं नाही. मागून हाक मारली तर वळत नाहीत, समोर आलं की तोंडाकडे बघतात.” तपासनीस आपल्या दारात येऊन उभा होता, त्याच्याकडे बघून मी म्हटलं, “काका कुणाचं ऐकत नाहीत, हे तुम्ही अगदी बरोबर सांगितलंत. फक्त अर्थ चुकला.”

“मी रोज वीस जणांचे कान तपासतो,” तो कसाबसा म्हणाला.

मी एकटीच आत गेले. काकांसमोर उभी राहिले आणि हळू, ओठ नीट हलवत म्हटलं, “काका, एक पुसू का?”

त्यांचे डोळे वर आले. किती दिवसांनी कोणीतरी त्यांच्या बोलीत त्यांच्याशी बोललं होतं, कोण जाणे.

“पूस की, बाळ.”

मी चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. लवंगीने काय वाचलं, काय समजलं, काय केलं. ते माझे ओठ बघत राहिले. मधेच त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात धरला.

“मला वाटलं, तिनं ऐकलंय,” शेवटी ते म्हणाले. “पुसलंस का म्हटलं तर हो म्हणाली, आणि तोंड फिरवून गेली. मग बाईंनी सांगितलं की लेकीचा फोन होता. मी म्हटलं, पोरीनं मला इतकं काय वाईट बोललं असेल, की परक्या मुलीला ते मला सांगवेना? दोन दिवस तेच. मला पुसायची भीती वाटली.”

“ती एवढंच म्हणाली, बाबा, मी आहे. तुम्हाला एक पुसायचं होतं.”

काकांनी चिठ्ठी उलटी करून ठेवली.

“घर रिकामं बघून हेच म्हणाली होती,” मग ते म्हणाले. “मला एकदा पुसायचं तरी, बाबा. तेच एक वाक्य. पुढे कधीतरी मी ती पाटी लावली. माझ्याच दारावर. बघ कसा माणूस.”

“एक मिनिट बावन्न सेकंद बोलत होती, काका. दोष देणारं माणूस यंत्राशी इतका वेळ बोलत नाही. दोन वाक्यांत मोकळं होतं.”

“आणि ते सगळं गेलं.”

“हो,” मी म्हटलं. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. “ते परत येत नाही.”

मी खण उघडला. बिननंबरची डबी त्यांच्यासमोर ठेवली. “हे तुमचे ना? स्वतःच्या कानांचे.”

“तीन वर्षं झाली करून.” ते साच्यांवरून अंगठा फिरवत राहिले. “पण या दुकानात, मी? बहिऱ्यानं केलेला साचा कोण कानात घालेल? बाईंनी खोली काढून त्याला दिली असती. मग मी घरी जाऊन काय करू? तिथे तर ऐकायलाही काही नाही.”

दारातून बाईंचा आवाज आला, “मी खोली कोणाला देत नाही.” काकांनी ते ऐकलं नाही. बाईंना ते कळलं, आणि त्या आत येऊन, समोर उभं राहून, पुन्हा पहिल्यापासून म्हणाल्या.

६

बारा पन्नास. मी सामान आवरत होते. संगणक काढण्याआधी सवयीने टाचणांची दुसरी बाजू बघितली. ही कोणी बघत नाही. नुसते आलेले फोन, ज्यांत निरोप ठेवलेला नसतो.

बुधवार, दुपारी एक वीस. दुकान बंद. फोन यंत्राने घेतला. बाहेरून तीन दाबलं. पाच घंट्या. मग माझा भरलेला आवाज, “साचेकाका आत्ता जागेवर नाहीत.” तो पूर्ण ऐकला. निरोप नाही. बंद.

गुरुवार, दुपारी एक वीस. तीन दाबलं. पाच घंट्या. पूर्ण ऐकला. बंद.

“काका दुपारी कुठे असतात?” मी विचारलं.

“खोलीतच,” बाई म्हणाल्या. “दार लावून खिडकीपाशी डबा खातात.”

लाल दिवा निरोप ठेवला तरच लागतो. नुसतं वाजून बंद झालं तर लागत नाही. म्हणजे दोन दिवस त्यांच्या पाठीमागे, सहा फुटांवर, ती घंटी पाच पाच वेळा वाजली होती, आणि ते एकटे डबा उघडून बसले होते. आणि ती रोज एका परक्या बाईकडून ऐकत होती की बाबा जागेवर नाहीत. त्या परक्या बाईचा आवाज माझा.

“तीच असेल कशावरून?” तपासनीस म्हणाला.

“गिऱ्हाईक असतं तर दुकान उघडं असताना केला असता. ही कोणाला मध्ये न घेता, थेट तीन दाबते, आणि आवाज ऐकून फोन ठेवते. कोणाच्या तरी आवाजाची वाट बघतेय.” मी घड्याळ बघितलं. “आपल्याकडे पंचवीस मिनिटं आहेत.”

पुढचं मी फार वेगाने घडताना बघितलं. तपासनिसाने तयार यंत्रं आणली, काकांच्या साच्यांत नळ्या ओवल्या, एक सोडून दुसरी लावून बघितली. “काका, बसले की नाही नीट?” काकांनी डोळे मिटले. मग म्हणाले, “किती किचकिच करतो हा पंखा.” बाईंनी धावत जाऊन पंखा बंद केला आणि तोंड फिरवून नाक पुसलं.

लवंगी दारात आली. पाटीखाली थांबली, आणि चपला न घासता म्हणाली, “येऊ का, काका?”

त्यांनी वळून बघितलं. पाठमोरे असून वळले. दोघांनाही ते एकदमच कळलं. लवंगीने आल्याचा चहा टेबलावर ठेवला आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. “चुकलं,” एवढंच म्हणाली.

“चिठ्ठी मी लिहिली,” काका म्हणाले. “अक्षर सुंदर, अक्कल शून्य.”

एक सोळा. मी चारही फोनांशेजारचे कागद काढले आणि नवे लिहिले. सातच्या पुढे लिहिलं: काढून टाकण्यासाठी. जुने कागद पिशवीत घातले. घरी भिंतीवर लावणार होते एक, माझ्या माहितीसाठी.

“रिसीव्हर कानाला चिकटवू नका,” तपासनीस सांगत होता. “यंत्र शिट्टी मारतं. असा तिरका, जरा वर धरायचा.”

“वीस वर्षं गिऱ्हाइकांना मीच हे सांगतोय,” काका म्हणाले.

एक एकोणीस. मी खिडकीपाशी उभी होते. माझी लेक या वेळी झोपते. मावशी कधी कधी फोनवर तिचा श्वास ऐकवतात. आज मी फोन केला नव्हता. ही लाइन मोकळी हवी होती.

एक वीस.

एक एकवीस. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी कोणाकडे बघू?

घंटी वाजली. मोठ्यात मोठी, मीच लावलेली. काका खुर्चीतून उडालेच, दोन्ही हात कानांवर गेले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मी मान फिरवली. बाई, तपासनीस, लवंगी, सगळे एकामागून एक खोलीबाहेर गेले. मी दार ओढून घेत होते तेव्हा तिसऱ्या घंटीला त्यांनी रिसीव्हर उचलला. तिरका, जरा वर.

“हो,” ते म्हणाले. “मीच आहे. जागेवर आहे.”

दाराची फट अजून उरली होती. काका तसेच उभे होते, पाठ दाराकडे, आणि ऐकत होते.

“पूस,” ते म्हणाले. “काय पुसायचं ते सगळं पूस.”